अकराचा शेजार

मावशींना वीस मिनिटं न हलता उभं राहता येई. तेवढ्या एका गुणावर आपल्याला पक्षिघरात नोकरी मिळाली, असं त्या स्वतःच सांगत. मुलाखतीला तिघी होत्या. पक्षिघर चालवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला एका लहानशा काचेच्या खिडकीसमोर उभं केलं. पहिली मान खाजवायला लागली. दुसरी पाचव्या मिनिटाला म्हणाली, “मॅडम, इथे नक्की बघायचं काय?” मावशी उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी बाई “बस” म्हणाल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, “झालं? मला वाटलं, आत्ता सुरू होणार.”

ही विद्या त्या सासरी शिकल्या होत्या. पाच जावांचं एक स्वयंपाकघर आणि त्यात साखरेचा एक डबा. तो डबा रोज जागा बदले. कुणी ठेवला, ठेवताना कुणी पाहिलं, आणि कुणी पाहिलं हे ठेवणारीला कळलं की नाही, हा सगळा हिशोब तोंडातून शब्द न काढता चाले. दाराआड श्वास धरून उभं राहणं तिथे जगण्याचाच भाग होता. मग सासू गेली, चुली वेगळ्या झाल्या, घर विकलं गेलं, नवरा गेला. मावशी मुलाकडे आल्या. तिसरा मजला, दोन खोल्या. मुलगा आणि सून वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला. घरात तीन माणसं आणि तिघांच्या तीन चाव्या. टेबलावर ताट झाकलेलं असे आणि फ्रिजवर चिठ्ठी: आई, जेवून घ्या. त्या जेवून घेत. इथे त्यांच्यापासून कुणी काही लपवत नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे, आणि ते शोधणारं कुणी आहे, असं त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं.

पक्षिघर म्हणजे कॉलेजच्या मागचं जुनं गोदाम. मध्ये भिंत घालून त्याचे दोन भाग केले होते. डावीकडे मोठा पिंजरा. छतापर्यंत जाळी, एक वाळलेलं झाड आणि आठ डोमकावळे. उजवीकडे अरुंद बोळ आणि बोळात ओळीने चार खोल्या. पांढऱ्या फरशा, एक दांडी, पाण्याचं भांडं, वाळूचा ट्रे, एक पक्षी. मोठ्या पिंजऱ्यातले एक ते आठ. खोल्यांतले नऊ ते बारा. नावं ठेवायची नाहीत, असा बाईंचा नियम होता.

खोल्यांतल्या पक्ष्यांनी अंड्यातून बाहेर आल्यापासून दुसरा पक्षी पाहिलेला नव्हता. माणूसही पाहिलेला नव्हता. त्यांना दिसे ती खोळ. करड्या जाड कापडाची, डोक्यावरून घोट्यापर्यंत येणारी, डोळ्यांच्या जागी काळी जाळी. आत शिरायचं तर खोळ घालायची. हात बाहेर काढायचा नाही. बोलायचं नाही. दहा मिनिटांत झाडून, पाणी बदलून बाहेर यायचं. खोळीत कोण आहे हे पक्ष्याला कळता कामा नये. खरं म्हणजे खोळीत कुणी आहे, हेच कळता कामा नये.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, सडसडीत, कामापुरतं बोलणाऱ्या. पण एकदा चहा पिताना मावशींनी विचारलं, “बाई, हे सगळं कशासाठी?” तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला.

“भूक आणि शेजारी, मावशी. मेंदू या दोघांनी घडतो असं माझं म्हणणं आहे. जिथे बारा महिने खायला मिळतं तिथला पक्षी काही पुरून ठेवणार नाही. जिथे चार महिने मिळतं आणि आठ महिने नाही, तिथला ठेवतो. ठेवलं की कुठे ठेवलं ते लक्षात ठेवावं लागतं. त्यात शेजारी असले की ते बघतात. मग कोण बघत होतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. आणि त्याच्या मनात काय आहे, हेही.”

“म्हणजे कावळा आमच्या सासरी राहिला असता, तर आज तुमच्या खुर्चीत बसला असता.”

बाई हसल्या. त्या हसल्या की त्यांनाच नवल वाटल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

प्रयोग साधा होता. पक्ष्याला शेंगा द्यायच्या. तो थोड्या खाई, उरलेल्या वाळूत पुरे. भिंतीत छोटी खिडकी होती, तिला झडप. कधी झडप बंद ठेवायची, कधी उघडायची आणि काचेमागे खोळ घालून वीस मिनिटं उभं राहायचं. मग झडप लावायची आणि पक्ष्याला तासभर एकटं सोडायचं. छतावरचा कॅमेरा तेवढ्यापुरता चालू असे. मोठ्या पिंजऱ्यातला एखादा पक्षी प्रयोगाला आणला आणि खिडकीत खोळ दिसली, तर झडप लागताच तो पुरलेल्या शेंगा उकरून दुसरीकडे पुरे. कुणी बघितलं नसेल तर जिथल्या तिथे ठेवी. एकट्या खोल्यांतले पक्षी मात्र खोळ असो वा नसो, एकदा पुरलं की विसरून जात. त्यांच्या जगात चोर नव्हता.

नव्हता तसा त्यांच्या जगात वैरीही नव्हता. आधीच्या वर्षी नऊला मोठ्या पिंजऱ्यात सोडून पाहिलं होतं. आठ जण खाली उतरले तेव्हा तो पळाला नाही. आपल्याकडे येणारी चोच कशासाठी येते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी त्याला सुपलीत उचललं. तो फार हलका होता.

अकराचं आणि मावशींचं सुरू झालं ते एका शेंगेवरून. त्या झाडत होत्या. त्याने शेंग आणून त्यांच्या पायापाशी टाकली. त्यांनी झाडूने बाजूला केली. त्याने पुन्हा आणून टाकली. तिसऱ्यांदाही टाकली आणि मान तिरकी करून जाळीकडे बघत राहिला. चौथ्यांदा मावशींचा हात खोळीबाहेर आला. त्यांनी शेंग उचलली, मुठीत धरली, मूठ पाठीमागे नेली आणि रिकामी करून पुढे आणली.

अकरा दोन पावलं मागे सरकला. मग चालत त्यांना वळसा घालून मागे गेला.

तिथून रोजचं झालं. मावशी चार मिनिटांत झाडत आणि सहा मिनिटं खेळत. तो पुरे, त्या उकरून पळवत, तो बघे, त्या परत देत. कधी देतही नसत. आठवड्याभरात त्याने लांबच्या कोपऱ्यात पुरायला सुरुवात केली, त्यांच्याकडे पाठ करून. मावशींना हसू आवरेना. किती वर्षांनी कुणी त्यांच्यापासून काहीतरी लपवत होतं. आपल्याला कुणीतरी मोजलं, असं त्यांना वाटलं.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. अकराने त्यांच्या देखत शेंग पुरली. चोच वाळूत खुपसली, वर काढली, वाळू सारखी केली, वर टरफल ठेवलं. सगळं अगदी सावकाश, एरवी करत नसे इतकं सावकाश. मावशींनी तिथे उकरलं. आत खडा होता. त्यांनी वर पाहिलं तेव्हा तो ट्रेच्या दुसऱ्या टोकाला उभा होता आणि त्याच्या गळ्याखालची पिशवी फुगलेली होती.

त्या दिवशी त्या खेळल्या नाहीत. खडा खिशात घालून बोळात येऊन उभ्या राहिल्या. एक गोष्ट त्यांना नको इतकी लख्ख दिसत होती. तो खडा वाळूसाठी नव्हता, भुकेसाठी नव्हता. तो त्यांच्यासाठी होता. त्या काय बघतील, बघून काय समजतील, समजून कुठे हात घालतील, हे सगळं त्या पांढऱ्या खोलीत, त्या एवढ्याशा डोक्यात आधी घडून गेलं होतं. त्यांच्या मनात कुणीतरी जाऊन आलं होतं आणि दार लोटून निघून गेलं होतं.

दोनच दिवसांनी प्रयोगाची पाळी होती. मावशी खोळ घालून खिडकीमागे उभ्या राहिल्या. अकराने शेंगा पुरल्या. मग उडत खिडकीपाशी आला. बाकीचे पक्षी खोळीच्या जाळीकडे, डोळ्यांच्या जागेकडे बघत. अकरा खाली बघत होता. कापडाआड जिथे मावशींचा उजवा हात होता, नेमका तिथे. मावशींनी हात हळूच पाठीमागे नेला. अकरा काचेच्या दुसऱ्या कडेला सरकला आणि मान वाकडी करून त्यांच्या पाठीमागे बघू लागला.

झडप लागली. तासाभरात त्याने सगळ्या शेंगा हलवल्या.

बाईंनी ते चित्रण तीनदा पाहिलं. मग पुढच्या आठवड्यात प्रयोग पुन्हा केला. मग पुन्हा. बारा वेळा मावशी खिडकीमागे उभ्या राहिल्या आणि बारा वेळा अकराने शेंगा हलवल्या. झडप बंद असली की एकदाही नाही. बाईंचं जेवण कमी झालं. त्या टेबलापाशी बसून राहत, समोर कागद, हातात पेन, पेनाचं टोपण लावलेलं.

मावशी घाबरल्या होत्या. त्यांनी खेळ बंद केला. खोळीत हात घट्ट बांधून त्या आत जात, झाडत, बाहेर येत. अकरा शेंग आणून टाके. त्या झाडूने सरकवत. पाचव्या दिवशी त्याने शेंग टाकणं सोडलं. आठव्या दिवशी छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मावशी दाण्यांची पिंपं झाकून बोळाच्या तोंडाशी आल्या. तिथे वॉचमन खुर्ची टाकून बसलेला असे. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

“अहो, तुम्ही इकडून कुठून आलात?”

“कोठीतून. का?”

“मग आत कोण आहे?”

“आत कोण असणार?”

“मावशी, चेष्टा नका करू. आत्ता तुम्ही बोळातून गेलात. चपला फरफटत जाता ना तुम्ही? त्याच. किल्ल्यांचा जुडगा वाजला. मी हाकही मारली, म्हटलं चहा घेणार का. तुम्ही खोकलात.”

मावशी बोळात गेल्या. दिवा लावला. बोळ रिकामा होता. त्या मधोमध उभ्या राहिल्या, जशा त्यांना राहता येई तशा. आणि मग त्यांना ऐकू आलं. बंद दारामागून त्यांच्या चपला येत होत्या. डाव्या पायाची चप्पल घासते, उजव्याची उचलते. तसंच. किल्ल्या वाजल्या. कुलपात किल्ली फिरली. एक बारीक, घशातल्या घशात खोकला झाला, पहाटे उठल्यावर त्यांना होतो तो. मग थोडी शांतता, माणूस आत येऊन दार लावून घेतं तेवढी. आणि पुन्हा पहिल्यापासून चपला.

त्या आत, अकराच्या खोलीत रोज येत होत्या. त्यांच्याशिवाय येत होत्या.

“हा पक्षी करतोय होय!” वॉचमन मागून म्हणाला. “बाप रे. मला वाटलं, तुम्ही गेलात आणि तुमचं काहीतरी मागे राहिलं.”

“तोंड आवरा जरा,” मावशी म्हणाल्या. आणि दिवा मालवला.

घरी सून तोंड धूत होती. कामावर निघायच्या तयारीत. “आई, तुम्ही आज काही बोलत नाही,” ती म्हणाली.

“मी रोज बोलते?”

सून थबकली. “नाही,” म्हणाली. “पण आज नाही बोलत आहात ते कळतंय.”

रविवारी बाई येत नसत. मावशी मुद्दाम गेल्या. वॉचमनला म्हणाल्या, “एक काम करा. खोळ घाला आणि खिडकीमागे उभे राहा. वीस मिनिटं.”

“मी? अहो, मला पाच मिनिटं बसवत नाही, उभं कुठून राहवेल?”

“चहा देईन.”

“दोन कप.”

तो उभा राहिला. दोनदा पाय बदलले, एकदा शिंकला. मावशी बाजूच्या फटीतून बघत होत्या. अकराने शेंगा पुरल्या. खिडकीकडे नजर टाकली. हाताकडे पाहिलं नाही, कशाकडेच पाहिलं नाही. झडप लावली. तासाभराने मावशींनी दार किलकिलं केलं. शेंगा जिथल्या तिथे होत्या. त्यांनी वॉचमनला पुन्हा उभं केलं. त्याच जागी. पुन्हा तेच. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या. अकरा उडत काचेपाशी आला.

म्हणजे त्याला चोर कळत नव्हता. त्याला मावशी कळत होत्या.

बुधवारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर चार पानं लिहून तयार होती.

“सोमवारी परिषद आहे,” बाई म्हणाल्या. “चौदा वर्षं मी तिथे उभं राहून एकच सांगत आले. शेजाराशिवाय हे शहाणपण येत नाही. आता उभं राहून सांगणार, माझं चुकलं. अकराला कुणी लुटलं नाही, त्याने कुणाला लुटलं नाही, तरी तो ओळखतो. म्हणजे हे रक्तातूनच येतं.”

“एका पक्ष्यावरून?”

“एक पुरतो. शेजाराशिवाय एक जरी शिकला, तरी शेजार लागत नाही हे सिद्ध झालं.” बाईंनी पानांची कड बोटाने सरळ केली. “तुम्हाला मुद्दाम सांगितलं, कारण तुम्ही किती उभ्या राहिलात ते मला माहीत आहे. ते सगळं फुकट गेलं.”

मावशी त्या पानांकडे बघत होत्या. त्यांना नियम माहीत होता. माणूस कळून बिघडलेला पक्षी खोलीत ठेवत नसत, खोली पुढच्या पिल्लाला लागे. बिघडलेला पक्षी मोठ्या पिंजऱ्यात जाई. त्यांनी तोंड उघडलं तर अकराला नऊच्या वाटेने जायचं होतं. नाही उघडलं तर बाई सोमवारी चारचौघांत एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणार होत्या आणि आयुष्यभराचं खरं खोटं म्हणून टाकून देणार होत्या. अकरा मात्र जगला असता. खोलीत. त्यांच्या चपला वाजवत.

त्या दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला.

“बाई, अकरा एकटा नाही वाढला.”

“म्हणजे?”

“मी होते.”

“तुम्ही खोळीत होतात.”

“खोळीत होते. पण होते ना.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेंग, मूठ, खडा, वॉचमन. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “किती महिने?”

“सात.”

बाई उठल्या. खुंटीवरची खोळ स्वतः घातली. मावशींनी त्यांना आजवर खोळीत पाहिलं नव्हतं. कापड खाली आलं आणि बाई नाहीशा झाल्या. तिथे कुणीच उरलं नाही. वीस मिनिटं त्या खिडकीमागे उभ्या राहिल्या. अकराने शेंगा हलवल्या नाहीत. मग मावशी. त्याने हलवल्या. मग पुन्हा बाई.

चौथ्या खेपेनंतर बाईंनी खोळ काढली. केस विस्कटले होते. “चौदा वर्षं,” त्या म्हणाल्या. “खिडकीमागे कोण उभं करायचं, किती वेळ, किती अंतरावर, सगळं मोजलं. आत कोण आहे हा प्रश्न मला पडला कसा नाही?”

“खोळीत कोण आहे, हे कुणी विचारतं का?” मावशी म्हणाल्या. टोमणा मारायचा नव्हता, पण तो तसाच ऐकू आला.

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या मागे दुसरं काहीतरी होतं, ज्याला उभं राहायला जागा मिळत नव्हती.

“शनिवारपर्यंत खोली रिकामी करायची,” त्या म्हणाल्या.

“नऊचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय.”

“नऊला शेजार माहीत नव्हता. याला तुम्ही आहात.”

“आणि तुमचं म्हणणं चूक निघालं तर?”

बाई पेटी शोधायला निघून गेल्या होत्या.

शनिवारी दुपारी मावशींनी पेटी उचलली. आत तो हलला नाही. मधल्या भिंतीतलं दार उघडलं, मोठ्या पिंजऱ्याचं उघडलं, पेटीचं झाकण सरकवलं. बाई जाळीबाहेर उभ्या होत्या, वॉचमन त्यांच्या मागे.

अकरा बाहेर आला. त्याने पहिल्यांदा माती पाहिली. झाड पाहिलं. आणि मग वर पाहिलं.

कावळे ओरडत असतात तोवर माणसाला काही वाटत नाही. हे आठ ओरडले नाहीत. एकेक करून खाली उतरले, पंखांचा सुद्धा आवाज न करता, आणि गोल करून उभे राहिले. गोल एका बाजूने उघडा होता आणि उघडी बाजू भिंतीकडे होती. वॉचमन एक पाऊल मागे सरकला.

तीन ही त्यांच्यातली थोरली. ती पुढे आली. अकराने तिच्या चोचीकडे पाहिलं नाही. तो तिच्या मागच्या सात जणांकडे बघत होता, एकापाठोपाठ एक, सावकाश, जसं कुणी नव्या घरात पहिल्या दिवशी ओटीवरच्या माणसांकडे बघतं. कोण कुणाकडे बघतंय ते बघत होता. तीनने चोच मारली. एक पीस उडालं. दुसरी चोच बसायच्या आत तो खाली बसला. मान आत, पंख मिटलेले, मातीला चिकटून. नऊ उभा राहिला होता. अकरा खाली बसला आणि तसाच बसून राहिला. तीनने त्याच्याभोवती एक फेरी घातली. मग ती उडून झाडावर गेली. मग बाकीचे गेले.

“जगेल?” मावशींनी विचारलं.

“आजचा दिवस,” बाई म्हणाल्या. त्यांच्या गालावर ओलं होतं आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चूक केली. अकरा जाळीच्या कोपऱ्यात खाली बसला होता, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर उरेल ते खायचं म्हणून. त्यांना राहवलं नाही. भांडं ठेवता ठेवता त्यांनी अक्रोडाचं अर्धं त्याच्या बाजूला सरकवलं. हात मागे घ्यायच्या आत आठ माना वळल्या होत्या. अक्रोडाला कुणी तोंड लावलं नाही. सगळे अकरावर आले. मावशी झाडू घेऊन मध्ये पडल्या तोवर त्याच्या डोळ्याच्या वर रक्त आलं होतं.

बोळात येऊन त्या पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना धाकटी जाऊ आठवली. सासूला ती फार आवडे. सासूने तिच्या ताटात एक डाव जास्त वाढला की उरलेल्या चौघी आठवडाभर तिच्याशी बोलत नसत. तिने ठेवलेलं मीठ सापडत नसे, तिची वाळत घातलेली साडी चिखलात पडलेली असे. सासू तिला आणखी जवळ घेई. चौथ्या वर्षी ती माहेरी गेली ती परत आली नाही. मावशी त्या चौघींतल्या एक होत्या. साडी त्यांनीच पाडली होती, दोनदा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वेळी त्यात वाईट काही वाटलंही नव्हतं. सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट कुणा एकीची नसते.

सोमवारी बाई परिषदेत उभ्या राहिल्या. त्यांनी ती चार पानं वाचली नाहीत, दुसरीच वाचली. त्यात मावशींचा उल्लेख होता, “खोळीतील व्यक्ती” असा. परत आल्यावर त्यांनी ती ओळ मावशींना वाचून दाखवली आणि विचारलं, “चालेल ना?”

“नाव नका घालू,” मावशी म्हणाल्या. “उगाच लोक भेटायला येतील.”

बोळातल्या खोल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या. मोठा पिंजरा राहिला. तिथे खोळ लागत नसे. त्या सकाळी भांडं घेऊन आत जात, ठेवत, बाहेर येत. पहिला आठवडा अकरा जमिनीवर होता. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत खालच्या फांदीवर. मावशी तिरक्या नजरेने बघत आणि पुढे जात. मग त्यांना ताप आला. पाच दिवस त्या घरी पडून होत्या. सुनेने रजा घेतली, उशाशी बसून राहिली आणि चमच्याने पेज भरवली. दोघींना काय बोलावं ते कळत नव्हतं, तरी त्या बोलल्या.

सहाव्या दिवशी मावशी आत गेल्या. झाडावर नऊ पक्षी होते. त्यांनी दोनदा मोजले. खाली कुणी नव्हतं, खालच्या फांदीवर कुणी नव्हतं. डोळ्यावरची जखम भरली असावी, छातीवर नवी पिसं आली असावीत. पायातली नंबराची कडी बघावी तर सगळ्यांनी पाय पोटाखाली घेतले होते. नऊ काळी, तुकतुकीत, सारखी अंगं. नऊ जण त्यांच्याकडे बघत होते आणि त्यातला कुठला, हे त्यांना ओळखू येईना. सात महिने रोज सहा मिनिटं ज्याच्यासमोर बसल्या, तो त्या आठांत विरघळून गेला होता.

एकच करायचं होतं. किल्ल्या वाजवायच्या. खोकायचं. हात पुढे करून मूठ उघडायची. जो येईल तो अकरा.

मागे बाई वही घेऊन आल्या होत्या. “हाक मारून बघा,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “येतो का बघू.”

वर नऊ पक्षी गप्प होते. त्यातले आठ, नव्याने आलेला हलतो का, याची वाट बघत होते. एक हलत नव्हता.

“माझ्या ओळखीचा कुणी नाही इथे,” मावशी जरा मोठ्यानेच म्हणाल्या. भांडं रोजच्या जागी ठेवलं, सगळ्यांपासून सारखं लांब, आणि वर न बघता बाहेर येऊन दार लावून घेतलं.